मिसेस टॉलिव्हर

“मिसेस टॉलिव्हर, तुमच्या मुलाचं पूर्ण नाव सांगाल का?”

साक्षीदाराच्या खुर्चीत ओझेला गप्प राहिली. तसं ठरलंच होतं. मग तिच्या लक्षात आलं, की गप्प राहायचं कारणच उरलेलं नाही.

तिची तयारी वेगळ्याच प्रश्नाची होती. तिचे वकील ब्रॉडनॅक्स माँटगोमेरीहून आले होते. त्यांनी तिला समजावलं होतं, की या वसंतातच वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलाय. काळ्या बाईलाही आता कोर्टात मानानेच हाक मारायची. पलीकडचा वकील ‘ए ओझेला’ म्हणाला, तर उत्तर देऊ नका, पुढचं मी बघतो. तेव्हापासून लोकांच्या कपड्यांना इस्त्री करता करता ती गप्प बसायचा सराव करत होती. आणि आता पलीकडचे मिस्टर लॅथम समोर अदबीने उभे होते.

“आर. एल.,” ती म्हणाली.

“म्हणजे काय?”

“म्हणजे आर. एल.”

वरच्या गॅलरीत कोणीतरी हळूच हसलं. तिच्या चर्चची मंडळी तिथे दाटीवाटीने बसली होती. खालचे बाक गोऱ्यांचे. वर बसलेल्या प्रत्येकाला यातली मेख ठाऊक होती. त्यांच्यातल्या कित्येक घरांत मुलाचं नाव म्हणून नुसती दोन अक्षरं ठेवत. गोऱ्या माणसाला एकेरीत पुकारायला मग नावच सापडत नसे. ओझेलाने मुलाची सोय अशी करून ठेवली होती. तिची कोणी केली नव्हती. पन्नाशी उलटली तरी गावातल्या गोऱ्या क्रेनच्या दुकानात क्रेनची नातसुद्धा तिला ‘ए ओझेला’ म्हणे.

त्याच दुकानात मागच्या शरदात क्रेनने आर. एल.च्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला. तिसऱ्या दिवशी तो गेला. क्रेनचं म्हणणं, पोरगं उद्धटपणे बोललं आणि अंगावर धावून आलं. त्याच्यावर खटला भरायला सरकार तयार झालं नाही, तेव्हा ओझेलाने स्वतः दावा लावला. आपला मुलगा कोणाच्या अंगावर धावून गेला नव्हता, एवढं तिला कोर्टाच्या तोंडून ऐकायचं होतं. ब्रॉडनॅक्सना तिने सांगितलं होतं, की आर. एल.ने तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. ते खरं नव्हतं. पण काळं पोरगं उलट बोललं म्हटल्यावर ज्युरीतले गोरे पुढचं काही ऐकणार नाहीत, हे तिला कळत होतं.

लॅथमनी तिच्यासाठी पाणी मागवलं. थकला असाल, मिसेस टॉलिव्हर. घाई नाही, मिसेस टॉलिव्हर. ‘मिसेस’ हा शब्द कुठे अडखळत नव्हता. गोऱ्या माणसाच्या तोंडून तो तिने स्वतःसाठी आजवर ऐकला नव्हता. ती खुर्चीत नकळत ताठ बसली.

“बरं वाटतं ना असं म्हटलेलं?” लॅथमनी विचारलं.

“हो.”

“आर. एल.लाही बरं वाटलं असतं. त्या दिवशी त्याने हेच मागितलं होतं. हो ना, मिसेस टॉलिव्हर?”

ब्रॉडनॅक्स हरकत घ्यायला उठले. न्यायाधीशांनी त्यांना खाली बसवलं आणि तिला उत्तर द्यायला सांगितलं. गॅलरीतले कागदी पंखे थांबले. क्रेन, आर. एल. आणि ती, दुकानात तेव्हा चौथं माणूस नव्हतं. ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण त्याने मागितलेलं आत्ता तिच्या पदरात पडत होतं, आणि त्याने ते मागितलंच नाही असं तिने म्हणायचं होतं.

“हो,” ती म्हणाली. “क्रेन म्हणाले, ए ओझेला, पीठ उचल तुझं. आर. एल. म्हणाला, ‘मिसेस टॉलिव्हर म्हणा. जीभ नाही झडणार तुमची.’ दोन्ही हातांवर पिठाचं पोतं होतं त्याच्या.”

हातांबद्दल लॅथमनी काही विचारलं नाही. ते ज्युरीकडे वळले.

“आभारी आहे, मिसेस टॉलिव्हर.”

ज्युरी आत गेली आणि कोणाची कॉफी संपायच्या आत परत आली. क्रेनचा काही दोष नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर ऊन तापलं होतं. ब्रॉडनॅक्स तिच्याकडे न बघता म्हणाले, की हे त्यांना आधी कळायला हवं होतं. ओझेला टोपीची पिन नीट करत होती. क्रेनच्या खांद्यावर हात ठेवून लॅथम शेजारून उतरले. तिला बघून त्यांनी हॅट किंचित उचलली.

“येतो, मिसेस टॉलिव्हर.”

त्यांची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बघत राहिली.

“सकाळपासून म्हणतायत,” ती ब्रॉडनॅक्सना म्हणाली. “जीभ नाही झडली.”