कॉलेज छान आहे ना?

एका खोलीत राहूनही शलाका नूपुरच्या हातचा चहासुद्धा घेत नसे. मुलांना परदेशी कॉलेजात पाठवणाऱ्या निकम सरांच्या सांगलीतल्या ऑफिसात बसून शलाकाने कॉलेजबद्दल विचारलं होतं, तेव्हा याच नूपुरने व्हिडिओ कॉलवर हसत सांगितलं होतं, "कॉलेज एक नंबर आहे." त्या भरवशावर शलाका इंग्लंडला बिझनेस शिकायला आली, तर कॉलेज म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या निघाल्या. तिथल्या रबराच्या वासाने तिला मळमळायचं आणि नूपुरचं तोंड दिसलं की जास्तच. "विकलंस तू मला," असं ती तिला तोंडावर म्हणाली होती.

आज वर्ग सुटता सुटता निकम सरांचा व्हिडिओ कॉल आला.

"बाळा, ही मिरजेची मुलगी. तुझ्याच तोंडून ऐकायचंय म्हणते."

एक बुजरी मुलगी पुढे झाली. "ताई, कॉलेज खरंच चांगलं आहे का हो?"

शलाका खरं सांगणार, तेवढ्यात तिला मुलीच्या मागे खुर्चीत आपले बाबा बसलेले दिसले. परदेशी गेलेल्या मुलांच्या पालकांचा सत्कार म्हणून सरांनी त्यांना बोलावलं असावं. गळ्यात हार घालून ते शेजारच्या माणसाला सांगत होते, "हीच आमची शलाका!"

"छान आहे गं," शलाका म्हणाली. "ये तू."

फोन ठेवला आणि तिला स्वतःच्याच जिभेची किळस आली. बेसिनपाशी जाऊन तिने चुळांवर चुळा भरल्या. वर्गात मागे सगळं ऐकत बसलेली नूपुर उठून तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"तू विचारलंस त्या दिवशी माझी आईही तिथंच बसली होती," ती म्हणाली.