हैदराबाद रोडवरचं जपान

"मावशी, चपला बाहेर काढा," दारातला पहारेकरी म्हणाला, आणि चंद्रव्वा एकदम खूश झाली.

"आपल्यासारखंच हाय की गं राजी! मला वाटलं, तिकडं बूट घालूनच चुलीपर्यंत जात असतील."

राजेश्वरी हसली. सकाळपासून ती हसतच होती. गाल दुखायला लागले होते.

हैदराबाद रोडला कुणा हौशी कारखानदारानं हे जुन्या पद्धतीचं जपानी गाव उभं केलं होतं. गवती छपरांची आठ घरं, लाकडी पूल, प्लॅस्टिकच्या गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं आणि त्या सगळ्यावर आपली सोलापूरची धूळ. ते उघडल्यापासून चंद्रव्वा लेकीच्या मागं लागली होती. तिचा धाकटा, विरेश, पाच वर्षं जपानात नोकरीला होता. फोनवर त्याचं तोंड दिसायचं आणि मागं पांढरी भिंत. घर काही कधी दिसलं नाही. "तितं जायचं माझ्या नशिबात न्हाय, निदान तसलं घर तरी दाव," ती म्हणायची. आणि राजेश्वरी म्हणायची, पुढच्या रविवारी. असे किती रविवार गेले, देवाला ठाऊक.

आज बुधवार होता. पहाटे जपानहून फोन आला होता. सायकलवरून कामाला निघालेला विरेश ट्रकखाली सापडला. जागीच गेला. सिद्धराममामानं फोनवर राजेश्वरीला बजावलं, "आक्काला आत्ताच काही सांगू नकोस. तिचं बीपी तुला माहितीये. मी करमाळ्याहून निघतोय. पाव्हणे येऊ देत, डॉक्टरला बोलावू, मग सांगू. तोवर तिला घराबाहेर काढ. कुठंही ने."

जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये मायलेकी दोघीच राहायच्या. राजेश्वरीनं तोंडावर पाणी मारलं आणि आईला उठवलं. "गॅस संपलाय अव्वा, चहा-नाष्टा बाहेरच करू. आज तुला जपान दाखवते."

"आज शाळा न्हाय व्हय तुला?"

"रजा काढली."

चंद्रव्वानं एकदा गॅसकडं, एकदा लेकीकडं बघितलं. मग विरेशला पाठवायला बांधून ठेवलेलं कडक भाकरीचं आणि शेंगाचटणीचं पुडकं तिनं पिशवीत टाकलं. कशाला, ते राजेश्वरीनं विचारलं नाही. विचारायला गेली असती तर तोंडून भलतंच निघालं असतं.

त्या जपानी घरात चटया अंथरल्या होत्या. मधोमध चौकोनी खळगा, तीच चूल. वर साखळीला किटली टांगलेली. निखाऱ्यांच्या जागी तांबडा बल्ब.

"अगं बाई, चुलीत बल्ब! विरेशच्या घरी पन असंच?"

विरेश अकराव्या मजल्यावर राहायचा. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढीशी खोली.

"अस्संच, अव्वा. फक्त चूल खरी."

"आनि निजतो कुटं?"

"ह्या चटईवरच. गादी टाकून."

चंद्रव्वा खाली बसली. तिनं चटईवरून हात फिरवला. सावकाश, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोपऱ्यातली लाकडी उशी उचलून मांडीवर घेतली, परत जागच्या जागी ठेवली. उठून कपाटाचं सरकतं दार उघडून बघितलं. खिडकीतून बाहेर डोकावली आणि म्हणाली, "उजेड बरा हाय." राजेश्वरीच्या मनात आलं, एक रविवार! तो जिवंत असताना हिच्यासाठी आपल्याला एक रविवार काढता येऊ नये? ती भिंतीवरचं चित्र बघायच्या निमित्तानं पाठमोरी झाली आणि तिनं ओढणीनं डोळे पुसले.

मागं वळली तर चंद्रव्वानं पुडकं सोडलं होतं. बुटक्या मेजावर भाकरी ठेवली होती, भाकरीवर चटणी, बाजूला पिशवीतल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी.

"अव्वा, इथं असलं काही ठेवू देत नाहीत."

"ऱ्हाऊ दे की. घटकाभर."

तेवढ्यात फोन वाजला. मामाचा. "सगळे जमलेत. डॉक्टरपण आलेत. आण तिला आता."

राजेश्वरीनं फोन पर्समध्ये टाकला. हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "चल अव्वा. घरी पाव्हणे आलेत."

"सिद्धराम आला व्हय?"

राजेश्वरी चपापली. मामाचं नाव तिनं सकाळपासून काढलं नव्हतं.

"परवाच सिलिंडर बदललाय की गं. मीच हुबी व्हते," चंद्रव्वा म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता. "मयत झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटवू न्हाय, हे तुला मीच शिकिवलं. लई खोटं बोललीस पोरी, पन गॅस पेटवायला तुजा हात धजला न्हाय. आनि बुधवारी रजा काढून मला जपान दावाया निघालीस. मग काय कळायचं ऱ्हायलं?"

राजेश्वरी तिथंच त्या बल्बच्या चुलीपाशी बसली. "सकाळपासून माहीत होतं तुला? आणि बोलली नाहीस? अव्वा, मग इथवर आलीस तरी कशी?"

चंद्रव्वानं लेकीचं डोकं पोटाशी ओढून घेतलं. तिची नजर मेजावरच्या भाकरीवर होती.

"घरीच रडाया बसले असते, तर माझ्या लेकराचं घर मला पुना कुनी दावलं असतं गं?"