करकर

सासरे वारून पंधरवडा झाला आणि जावयाने त्यांचा पंचवीस वर्षं जुना कम्प्युटर उघडला. हयातीत म्हाताऱ्याने त्याला त्या यंत्राच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नव्हतं. आता त्यावर कुठल्याशा हौशी मंडळींनी लिहिलेली नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचीच, असं त्याने ठरवलं होतं.

'जुनं सगळं पुसायचं?' पडद्यावर प्रश्न आला.

"पुस की, मेल्या," म्हणत त्याने 'हो' केलं.

हार्ड डिस्क करकरू लागली. कर्र, कर्र. सगळं पुसून झालं, नवी सिस्टिम सुरूही झाली, तरी करकर थांबेना. वैतागून त्याने प्लग उपटला. पडदा काळा पडला.

कर्र, कर्र.

त्याने स्क्रू काढून डिस्कच हातात घेतली. ना वायर, ना वीज.

कर्र, कर्र.

शेजारच्या खोलीतून सासूबाई सवयीने ओरडल्या, "अहो, पुरे झालं! किती दात खाल?"

"मी कुठे काय केलं, आई?"

"तुम्हाला नाही हो, जावईबापू. यांना म्हणतेय."

करकर थांबली.

आणि त्याच्या तळहाताला काहीतरी कडकडून चावलं.