दुसरी बाटली

“सर, आधी तुम्ही एकदा बघता का?” तपासनीस बाईंनी कागद अर्धाच उलगडून विचारलं.

“मी कशाला बघू? वाच मोठ्यानं,” बाटलीसाहेब म्हणाले. “पाकीट भर सभेत उघडायचं, असं मीच लिहून दिलंय. होऊ दे एकदा दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी.”

सभागृहात हशा पिकला. बाटलीसाहेबांना प्रदूषण खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण हे नाव काही सुटलं नव्हतं. एकतीस वर्षं ते नमुन्याच्या बाटल्या घेऊन ओढे-नाले पालथे घालत होते. खात्याचा शिपाई घराखाली उभा राहून “बाटलीसाहेब आहेत का?” अशी हाळी द्यायचा, तेव्हा नव्या शेजाऱ्यांचा भलताच समज व्हायचा. बायकोनं बिचारीनं पुष्कळ सोसलं.

आज ते आणि त्यांच्याच खात्यातले चार निवृत्त अधिकारी पहिल्या रांगेत बसले होते. वर्षभर त्यांनी नव्या नियमाविरुद्ध वर पत्रं लिहिली, सगळी पालथ्या घड्यावर पाणी. आज शेवटची सुनावणी होती. जुना नियम सरळ होता. गावच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला ओढ्यात तिथून सुटणारं विषारी रसायन लिटरमागे पाच मायक्रोग्रॅमच्या वर सापडलं, की कारखान्याला कुलूप. नवा नियम मोठा हुशार. गावच्या पाण्यात जे आधीपासूनच आहे, त्यावर कारखान्यानं किती भर घातली, तेवढंच म्हणे मोजायचं. संध्याकाळी अध्यक्षांची सही झाली की तो पक्का होणार होता.

म्हणून बाटलीसाहेबांनी दोन बाटल्या भरून, सील करून, पहिलीवर ‘ओढा’ आणि दुसरीवर नुसता आकडा घालून तपासायला दिल्या होत्या. एक ओढ्याची आणि दुसरी चांगल्या पाण्याची, तुलनेला. नुसती घाण दाखवून भागत नाही, शेजारी चांगलं पाणी ठेवावं लागतं, हे तपासनीस बाई नोकरीत नव्या असताना त्यांनीच तर त्यांना शिकवलं होतं. त्या रसायनाला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते अंगात साचत जातं, आणि लहान मुलांची मूत्रपिंडं आधी धरतं.

बाईंनी वाचलं. “बाटली पहिली, ओढा. एकेचाळीस.”

म्हणजे आठपट! बाटलीसाहेबांनी मान वळवून मागच्या लोकांकडे पाहिलं. किती दिवस सांगतोय, आता तरी पटलं ना, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

“बाटली दुसरी.” बाईंचा आवाज खाली गेला. “एकोणचाळीस.”

कारखान्याचे वकील इतका वेळ पेंगत होते. ते टुणकन उठले. “म्हणजे कारखान्याची भर किती, तर दोन! अध्यक्ष महाराज, साहेबांचे आभार मानावे तेवढे थोडेच.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला. “साहेब, ही दुसरी बाटली कुठली?”

शेजारी बसलेल्या निवृत्त प्रयोगशाळाप्रमुखांनी बाटलीसाहेबांना कोपरानं ढोसलं. “चुकून दोन्ही ओढ्यातच भरल्या गेल्या म्हण,” ते कानाशी पुटपुटले. “फेरतपासणी मागू. महिनाभर तरी नियम लटकेल. अरे, बोल की!”

खोटं चालून गेलं असतं. म्हातारा माणूस, झाली चूक, असं म्हणून लोकांनी सोडूनही दिलं असतं. पण बाटलीसाहेबांना शेजारचा माणूस दिसतच नव्हता. त्यांना घरातला नळ दिसत होता. सुनेची कामाची पाळी पहाटेची, म्हणून नातीची शाळेची बाटली भरायचं काम त्यांच्याकडे होतं. आज सकाळीही त्यांनीच भरली होती. वर रोजचा दम दिला होता, पाणी उरवून आणायचं नाही. पोर गुणाची. रोज रिकामी बाटली आणून दाखवायची.

नळाच्या पाण्यात ते रसायन तपासणं दोन वर्षांपूर्वीच बंद झालं होतं, फुकटचा व्याप म्हणून. गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरी टेकडीच्या पलीकडे, ओढ्यापासून कोसभर लांब. तिथवर काही पोचणार नाही, असं सगळेच म्हणायचे. बाटलीसाहेबही म्हणायचे. ते जमिनीखालून कधीच पोचलं होतं.

ते उठून उभे राहिले.

“माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाची,” ते म्हणाले. “तुमच्या सगळ्यांच्या घरी येतं, तेच पाणी. नियम गेला खड्ड्यात, आधी पोरांना ते पाजणं थांबवा.”

मागच्या बाजूला एका बाईनं लेकराच्या तोंडची बाटली हळूच काढून घेतली, तसं ते रडायला लागलं. तपासनीस बाई हातातल्या कागदाकडेच बघत राहिल्या.

अध्यक्षांनाही घरी दोन मुलं होती. त्यांनी जरा आशेनंच वकिलांकडे पाहिलं. “तुमचा आक्षेप असेलच. नमुना कुणी घेतला, कसा घेतला... असेल तर मला फेरतपासणी लावता येईल.”

“छे छे,” वकील हसून म्हणाले. “आक्षेप कसला? नमुना आम्हाला पूर्णपणे मान्य आहे. तशी नोंद घ्यावी.”

अध्यक्षांनी नोंद घेतली. गावच्या पाण्यातलं आधीचं प्रमाण, एकोणचाळीस. खाली नव्या नियमावर त्यांनी सही केली.

एकतीस वर्षांत त्या कारखान्यानं बाटलीसाहेबांचा एकही नमुना कबूल केला नव्हता. हा पहिला.