चाळिसावा

संयोगितानं टेबलावरचे सगळे पासपोर्ट एका हातानं झाडून टाकले. ते फरशीभर पसरले. शहराच्या अकोटा भागातल्या, परदेशी पाठवणाऱ्या एजंटाच्या गारेगार ऑफिसात बाकावर बसलेली माणसं घाबरून उठली आणि आपापला पासपोर्ट शोधू लागली.

"माझा भाऊ बुडाला," ती त्यांना ओरडून म्हणाली. "मयंक. तेवीस वर्षांचा. याच माणसानं पाठवलं होतं त्याला. विचारा याला, बोट केवढी होती आणि माणसं किती कोंबली होती!"

टेबलामागचा गुजराती एजंट हितेशभाई जागचा हलला नाही. "बेन, बेसो. पाणी प्या. शांतीनं बोलू."

"शांती तुझ्या घरी ठेव."

गेले एकवीस दिवस ती आतून नुसती पेटलेली होती. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून इंग्लंडला निघालेली रबरी बोट अर्ध्या तासात फाटली होती. मयंक तिच्यात होता. ओळख पटवायला आईला मोबाइलवर फोटो दाखवला, तेव्हा इंदिराबाई एवढंच म्हणाल्या, "कपाळावरचे केस तरी बाजूला करायचे रे कुणी." त्यानंतर त्या बोलेनाशाच झाल्या. तेरावं उरकलं. नातेवाईक पांगले. पोलिसांत जायचं संयोगितानं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा तिच्या नवऱ्यानं, समरजितनं, फोनवरून अडवलं. "माझे इथले कागद अजून व्हायचेत. तक्रारीत घरचं नाव आलं तर मलाही परत धाडतील."

समरजित वाघोडियाच्या एका कारखान्यात वेल्डर होता. काम सुटलं. दीड वर्षापूर्वी तो याच ऑफिसातून निघाला आणि दिवाळीत त्याचा फोन आला, लेस्टरला पोहोचलो, गोदामात लागलो. मेहुण्यालाही त्यानंच बोलावून घेतलं. मयंक गेल्याचं कळलं त्या दिवशी तो फोनवर तिच्यापेक्षा जास्त रडला होता. म्हणून तिनं दोन्ही वेळा ऐकलं. आज मात्र त्याला न विचारताच ती इथं आली होती.

"आता इथून सरळ पोलिसांतच जाते," ती म्हणाली.

हितेशभाई खुर्चीत मागं रेलला. "जा ने. मी इथून माणसं फक्त विमानात बसवतो, बेन. तिकडं बोटीत बसवणारा दुसरा आहे. तक्रारीत पहिलं नाव त्याचं येणार. तुमच्या समरजितभाईचं."

"खोटं बोलू नकोस. ते इंग्लंडात आहेत."

"फोन लावा ने मग."

तिनं तिथंच, सगळ्यांदेखत फोन लावला. स्पीकरवर टाकला.

"अहो, कुठं आहात तुम्ही?"

"गोदामात. आत्ताच सुट्टी झाली. का गं?"

त्याच्या मागे वारा घोंघावत होता. पक्षी किंचाळत होते, आणि काहीतरी मोठं, जड, परत परत आपटत होतं. गेल्या आठ महिन्यांत हे आवाज तिनं कितीदा ऐकले होते. आज पहिल्यांदा कान देऊन ऐकले. त्या लाटा होत्या, आणि लेस्टरला तर समुद्रच नव्हता.

"तू समुद्राच्या कुठल्या बाजूला आहेस?"



"मी पलीकडं गेलोच नाही, संयू," तो म्हणाला. "दोनदा बोट परत फिरली. घरी यायला तोंड नव्हतं, म्हणून लेस्टर सांगितलं. मग इथले लोक म्हणाले, चाळीस माणसं आणून दे, तुला फुकट नेतो."

"आणि मयंक?"

"चाळिसावा."

फरशीवर वाकलेली माणसं तशीच राहिली. इतके दिवस ज्या माणसाचा गळा धरायची स्वप्नं संयोगिता बघत होती, त्याच्याच छातीवर डोकं ठेवून ती कितीतरी वर्षं झोपली होती.

"जाकीट मी स्वतः बांधलं त्याला, देवाशपथ," समरजित घाईघाईनं बोलत होता. "ती जाकिटं नकली निघाली, मला काय माहीत! तू ऐक. झालं ते आता बदलत नाही. उद्या पहाटे माझी बोट आहे. एकदा पोहोचलो ना, की तुला बोलावून घेतो."

तिनं फोन तोडला. हितेशभाईकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. खाली उतरून रिक्षा केली आणि पोलीस ठाण्यात शिरली.

फौजदार उदयसिंहराव वयानं मोठे, समजूतदार होते. मराठीतच बोलले. त्यांनी एजंटचं नाव लिहून घेतलं, ऑफिसचा पत्ता लिहून घेतला.

"दुसरा आरोपी?"

"समरजित. माझा नवरा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही आत्ता रागात आहात. एकदा हे कागदावर आलं की मागं घेता येत नाही. आज घरी जा. शांत व्हा. उद्या सकाळी या, तेव्हाही हेच म्हणालात तर लिहून घेतो."

"उद्या नाही, आत्ता लिहा," ती टेबलावर मूठ आपटत म्हणाली. "तिकडच्या पोलिसांना कळवा, दूतावासाला कळवा, कुणालाही कळवा, पण त्याला आजच्या आज बेड्या घाला. उद्या पहाटे तो तसल्याच बोटीत बसतोय हो."