पुढची जागा

मामंजी तीस वर्षं कॅटमरान बोटीचे कप्तान होते. रोज पर्यटकांना समुद्रातला सूर्यास्त दाखवून यायचे आणि सासूबाईंना म्हणायचे, "आजही बोट भरली होती गं. पण तुला एकदा नेणार म्हणजे नेणार, अगदी पुढच्या जागेवर बसवून."

"माझा आपला स्वयंपाकघराच्या खिडकीतला सूर्यास्त बरा," म्हणत त्या हसायच्या.

हल्ली मामंजींना आमची नावंही आठवेनात. म्हणून आम्ही घरच्यांनी मिळून तीच बोट एका संध्याकाळपुरती अख्खी ठरवली. बोटीवर पाय ठेवताच त्यांनी दोराची गाठ ओढून पाहिली, वाऱ्याचा अंदाज घेतला, एकेकाला हात देऊन वर घेतलं. "लाइफ जॅकेटचा पट्टा आवळ आधी," म्हणून नातवाला दटावलंसुद्धा. माझे इतक्या दिवसांचे उपास फळाला आले, असं वाटून मी मनातल्या मनात हात जोडले.

सूर्य पाण्याला टेकायला आला, तशा सासूबाई चष्मा पुसून पुढच्या जागेकडे निघाल्या. मामंजी लगबगीने आडवे आले आणि अगदी अदबीने म्हणाले,


"तिथे नको ताई. ती जागा मी माझ्या बायकोसाठी ठेवलीय."