नावाड्याची चाळीस सेकंदं

"बाकी व्हिडिओभर तू गेमच्या चुका काढतेस. ते परीक्षण झालं, तिथे कंपनी काही करू शकत नाही," वकील मैत्रीण ग्रेटा फोनवर म्हणाली. "पण गेममधला तो नावाडी आला की चाळीस सेकंदं तू गप्प. मग ती नुसती त्यांच्या मालाची नक्कल होते. काप ती."

"नाही कापणार."

"मार्लिस, ही कंपनीची तिसरी तक्रार आहे. आज पाच वाजेपर्यंत काही केलं नाहीस तर चॅनेल जाईल. कापायचं नसेल तर त्याच्यावर बोल. एरवी तुझं तोंड मिटत नाही. ठेव की त्याला नावं."

मार्लिसने माइक चालू केला. बंद केला. खिडकीपाशी जाऊन गोठलेलं सरोवर बघून आली. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. साडेचार वाजले.

पडद्यावर नावाडी ओरडला, "उतर माझ्या होडीतून, पोरी."

या खेपेला ती बोलली.

"अभिनय कच्चा आहे. हा माणूस चिडलाय असं वाटतच नाही. आवाज माझ्या डॅडचा आहे. त्यांना माझ्यावर चिडणं शेवटपर्यंत जमलं नाही."